पहिल्या पानावरची नावे : छापखान्यांच्या घराण्यांचा एक पाठ

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत शेजारच्या एक वृद्ध काकू कापडात बांधलेले गाठोडे घेऊन आमच्या दारी आल्या. म्हणाल्या, “माउली, तुम्ही सकाळी ओंकारेश्वराकडे जाता ना, तेवढं हे नदीत सोडून या. सासऱ्यांच्या पोथ्या आहेत. पान उलटलं की चुरा होतो. घरात आता कुणी वाचत नाही, आणि देवाचं पुस्तक रद्दीत घालवत नाही हो!”

पुण्यातल्या जुन्या पेठांत असे गाठोडे ज्या घरात नाही असे घर विरळा. काकूंची भावनाही खोटी नव्हती. ज्या पुस्तकाला रोज हात जोडले ते तराजूत कसे टाकावे? नदीत सोडणे त्यापेक्षा बरे, असे सगळ्यांनाच वाटते. आम्ही गाठोडे ठेवून घेतले. पण नदीवर जाण्याआधी सहज सोडून पाहिले, आणि त्या दिवशी नदीवर गेलोच नाही. आत चार पुस्तके निघाली. एकाच्या पहिल्या पानावर खाली तुकाराम जावजी असे नाव होते. दुसऱ्यावर पांडुरंग जावजी. तिसरे पुराणाचा एक भाग, आनंदाश्रमात छापलेला. चौथी गाथा, तिचे पहिले पानच नव्हते.

काकूंनी ही नावे कधी वाचली नव्हती. खरे सांगायचे तर आपणही वाचत नाही. पुस्तक उघडले की आपण थेट मंगलाचरणावर जातो. म्हणून आजच्या पाठाला विषय घेतला आहे तो पहिल्या पानाचा. त्या पानावर खाली बारीक अक्षरांत जी दोनतीन नावे असतात, ती कोणाची, तेथे का आली, आणि त्यांच्याशी आपले काही देणेघेणे आहे की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

नावे छापण्याची चाल

आपल्याकडे हस्तलिखित पोथीच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपले नाव, गाव आणि शक घालण्याची रीत जुनीच आहे. छापील पुस्तकात ते नाव पुढच्या पानावर आले. त्याला सरकारी कारणही झाले. १८६७ साली छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव, आणि छापल्याचे व प्रसिद्ध केल्याचे ठिकाण छापलेच पाहिजे, असे त्यात बंधन होते. सरकारचा हेतू होता तो माणूस सापडावा हा. आक्षेपार्ह काही निघाले तर कोणाला धरावयाचे हे कळावे म्हणून. त्या कायद्याच्या जागी २०२३ साली नवा कायदा आला. पण पकडण्यासाठी जी नावे छापविली गेली, तीच आज उपकाराची आठवण म्हणून आपल्या हाती राहिली आहेत. बंधनातूनही कधीकधी असे भले निघते.

छपाईचे वेड पुण्याला त्याच्याही आधीचे. नाना फडणविसांच्या काळी पुण्यातल्या एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरण्याची विद्या हस्तगत केली होती. भगवद्गीता अशी कोरून छापावी हा बेत पुण्यात निघाला. १८०० साली नाना गेले, आणि तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला. तेथे १८०५ साली ताम्रपटांवरून गीता छापून झाली. सगळे पान एकसंध कोरलेले. एक अक्षर चुकले तर पत्राच वाया.

मग आली शिळाप्रेस. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी दगडावरून १८३१ साली पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत नसत. तेव्हा या गृहस्थाने म्हणे तुपाची शाई करविली, आणि लोकांचा संशय घालविला! ज्ञानेश्वरीही प्रथम अशीच दगडावरून, बाळशास्त्री जांभेकरांच्या देखरेखीखाली १८४५ साली निघाली. आणि तुकोबांची गाथा सरकारी साहाय्याने, देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्या ताडून, इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत बाहेर पडली. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित हे तिचे संपादक. आज आपण वारीत खिशात गाथा घेऊन चालतो. दीडशेपावणेदोनशे वर्षांपूर्वी ती एखाद्या फडावर, एखाद्या देवघरात, हाताने लिहिलेली असे. एवढा फरक पडला तो या माणसांमुळे.

जावजींचे घर

आता काकूंच्या गाठोड्यातले पहिले पुस्तक घेऊ. निर्णयसागर हे नाव ऐकले नाही असा संस्कृत शिकलेला मनुष्य सापडावयाचा नाही. त्याचे मूळ मात्र कोणा शास्त्र्याच्या घरात नाही. जावजी दादाजी हे १८३९ साली मुंबईत जन्मले. घरची गरिबी, वडिलांचे छत्र लहानपणीच गेलेले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ टाइपांचे काम पाहात. त्यांच्या हाताखाली खिळे घासण्याच्या कामावर जावजी राहिले. दरमहा दोन रुपये पगार. तेथे दुसरा एक मुलगा होता, राणोजी रावजी आरू. दोघांची मैत्री जमली ती जन्माची.

पुढे जावजींनी इतर छापखान्यांतही कामे केली. त्यात इंदुप्रकाशही आले. सगळे पाहून झाल्यावर त्यांना कळले की देवनागरीचे दुखणे यंत्रात नाही, अक्षरात आहे. १८६४ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. १८६९ साली छापखाना काढला, आणि पंचांग छापून त्याला निर्णयसागर हे नाव दिले.

अक्षरात दुखणे म्हणजे काय, हे जरा थांबून समजून घेतले पाहिजे, नाहीतर या माणसांची थोरवी ध्यानात यावयाची नाही. इंग्रजीला सव्वीस अक्षरे. थोरली-धाकटी मिळून बावन्न, वर काही खुणा. आपल्याकडे व्यंजन, त्याला काना, मात्रा, वेलांटी, उकार, वर रफार, अनुस्वार, शिवाय जोडाक्षरे. प्रत्येक रूपाला वेगळा खिळा करावयाचा म्हटले तर शेकडो खिळे होतात, आणि जुळाऱ्याला पेटीभोवती प्रदक्षिणाच घालाव्या लागतात. तुकडे करून जोडावे म्हटले तर मात्रा अक्षरापासून सुटते, वेलांटी झिजते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. यातून सुबक वाट काढावयाची, तीही पोलादाच्या दांडीच्या टोकावर, तांदळाएवढ्या जागेत, उलटे अक्षर कोरून! त्या पोलादी अक्षराचा ठसा तांब्यावर मारावयाचा, त्या तांब्याच्या साच्यात शिसे, अंजनधातू आणि कथील यांचा रस ओतावयाचा, तेव्हा एक खिळा तयार होतो. निर्णयसागरची जी वळणदार, डोळ्यांना न टोचणारी अक्षरे आपण पाहतो, ती राणोजींच्या हातची. जावजी धनी आणि राणोजी कारागीर. पण दोघांनी एकाच ठिकाणी खिळे हाताळले होते, म्हणून एकाला दुसऱ्याचे मोल ठाऊक होते.

अक्षर सुबक झाले तरी ग्रंथ शुद्ध हवा. त्यासाठी शास्त्री मंडळी पदरी ठेविली. काशिनाथ पांडुरंग परब, पुढे वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर ही नावे त्या ग्रंथांवर वारंवार दिसतात. १८८१ साली मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक तेथून निघू लागले. १८८६ साली जयपूरच्या पंडित दुर्गाप्रसादांच्या साहाय्याने ‘काव्यमाला’ सुरू झाली, आणि घरोघर गाठोड्यात पडलेली संस्कृत काव्ये एकामागून एक प्रकाशात आली. १८९२ साली जावजी वारले. ज्यांचे बालपण खिळे घासण्यात गेले त्यांच्या छापखान्यातले पुस्तक काशीच्या पंडितांच्या हाती होते.

आता पुढची वंशावळ कोठे शोधावयाची? पहिल्या पानांवर! आमच्या पाहण्यातल्या निर्णयसागरच्या जुन्या प्रतींवर जावजी दादाजी हे नाव आहे. मग येते तुकाराम जावजी. १९२० नंतरच्या प्रतींवर पांडुरंग जावजी. आणि १९४० नंतरच्या प्रतींवर नाव आहे सत्यभामाबाई पांडुरंग यांचे. पाहा, एका कपाटात बसून कारखान्याचा इतिहास वाचता येतो. जावजी शास्त्री नव्हते, पण त्यांच्या घरातल्या नावांत तुकाराम आणि पांडुरंग आले. आणि ज्या शास्त्रग्रंथांपासून बायकांना शतकानुशतके दूर ठेविले, त्यांच्याच पहिल्या पानावर प्रकाशक म्हणून सत्यभामाबाईंचे नाव छापले गेले. याचा डंका कोणी वाजविला नाही. तेथे ते नाव साधेपणाने बसले आहे, आणि वाचणाऱ्याची वाट पाहात आहे.

त्याच पानावर दुसरे एक नाव असे, मुद्रकाचे. तुकाराम जावजींच्या वेळी बा. रा. घाणेकर, पुढे रामचंद्र येसू शेडगे. हे मालक नव्हेत. पण घराण्यातले प्रकाशक बदलले तरी शेडग्यांचे नाव वर्षानुवर्षे तेथेच आहे. घराणे म्हणजे केवळ रक्ताचे, असे म्हणणाऱ्याने हे पान एकदा नीट पाहावे.

आपट्यांचे घर

दुसरे घर आपल्या पुण्यातले. महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करीत. पैसा मिळविला, आणि तो कोठे लावावयाचा याचा विचार करून पुण्यात बुधवार पेठेत आनंदाश्रम उभारला. संस्कृत हस्तलिखिते गोळा करावी, ती जपावी, आणि शुद्ध करून स्वतःच्या छापखान्यात छापावी, हा उद्देश. १८८८ सालापासून आनंदाश्रम ग्रंथावली निघू लागली. पहिल्या पानावर छापखान्यासाठी संस्कृत नाव घडविले होते, आणि छापणे कशाने, तर ‘आयसाक्षरां’नी, म्हणजे धातूच्या अक्षरांनी, असा उल्लेख असे. काल शालिवाहन शकात दिलेला. (शक वाचताना त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. शके १८१५ म्हणजे १८९३. शकाच्या शेवटच्या दोनतीन महिन्यांत एकाचा फरक पडतो.)

महादेवरावांचे पुतणे हरी नारायण. हेच आपले कादंबरीकार हरिभाऊ आपटे. १८६४ चा जन्म. चुलत्यांच्याच छायेत वाढले. कॉलेजची पदवी काही हाती लागली नाही. वकील चुलत्याला याचे वाईट वाटले असेल, नसेल. पण आनंदाश्रमाची व्यवस्था पुतण्याकडेच आली. १८९४ साली महादेवराव वारले, आणि हरिभाऊंनी ते काम १९१९ साली आपला काळ होईपर्यंत सांभाळले. गंमत पाहा. ‘करमणूक’ साप्ताहिक चालविणारा, ‘पण लक्षांत कोण घेतो!’ लिहून विधवेचे दुःख घरोघर पोचविणारा हा मनुष्य. आणि त्याच्याच देखरेखीखाली अग्निपुराण, वायुपुराण, मत्स्यपुराण छापून निघत होते. नवे लिहिणारा आणि जुने जपणारा एकाच देहात राहू शकतो. लोक यांचे दोन पक्ष करतात, ती लोकांची सोय.

हरिभाऊंमागून पहिल्या पानावर विनायक गणेश आपटे हे नाव येते, आणि त्यानंतर दुसऱ्या आडनावाची माणसेही येतात. म्हणजे काम घराकडून संस्थेकडे गेले. ज्याने पैसा घातला त्याने वारसाला मालमत्ता न देता काम दिले, आणि कामाला संस्थेचे कुंपण घातले. म्हणून घर बदलले, आडनाव बदलले, तरी आनंदाश्रम पुण्यात राहिला. वारकऱ्यांच्या फडांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. कोठे गादी रक्ताने चालते, कोठे शिष्याने चालते. जेथे नेम चालू तेथे फड चालू. नेम सुटला तर सख्खा मुलगा गादीवर बसूनही काय उपयोग?

आनंदाश्रमाच्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र आम्ही काकूंना मुद्दाम दाखविली. पहिले पान उलटले की पुढे एक यादी असते. तिला ‘आदर्शपुस्तकोल्लेखपत्रिका’ असे लांबलचक नाव आहे, पण अर्थ सोपा. हा ग्रंथ छापताना ज्या ज्या हस्तलिखित पोथ्या समोर ठेविल्या, त्या प्रत्येकीला क, ख, ग असे अक्षर देऊन ती कोणाच्या घरची, कोणत्या गावची, हे तेथे लिहिलेले असते. खाली तळटीपेत पाठभेद आला की कोणत्या पोथीत काय आहे हे त्या अक्षरावरून कळते. ते पोथीवाले कोणी मोठे विद्वान असतील असे नाही. कोणी जोशी, कोणी इनामदार, कोणी गावचा उपाध्याय. त्यांनी एवढेच केले, की वाडवडिलांचे गाठोडे नदीत सोडले नाही. कोणी मागावयास आले तेव्हा ते त्यांच्या घरी होते. त्या यादीत जे नाव आहे ते या एका गोष्टीमुळे आहे.

काकू यादीवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे सोडलं असतं तर ‘ख’ गेला असता म्हणायचं.” आम्हांला हे इतके नेमके सांगता आले नसते.

चित्रशाळा

पुण्यातले तिसरे नाव काकूंच्या गाठोड्यात नव्हते, पण त्यांच्या देवघराच्या भिंतीवर असावे असा आमचा तर्क आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर म्हटले की निबंधमाला आणि केसरी आठवतात. पण १८७८ साली त्यांनी चित्रशाळा काढली. आपल्या देवांची आणि आपल्या इतिहासातल्या पुरुषांची चित्रे आपण छापावी, आणि ती गरिबाच्या घरी लागावी, ही त्यांची इच्छा. नाना फडणविसांचे चित्र निघाले, रामपंचायतन निघाले, आणि दगडावरून रंगीत छापलेले ते रामपंचायतन महाराष्ट्रभर भिंतीभिंतीवर गेले. ज्याला ग्रंथ वाचता येत नव्हता त्याला हा छापखाना असा भेटला. विष्णुशास्त्री १८८२ सालीच, ऐन उमेदीत गेले. पण वासुदेव गणेश जोशी, म्हणजे लोकमान्यांचे स्नेही वासुकाका, यांनी चित्रशाळा हातची जाऊ दिली नाही. १९४४ साली वासुकाका वारले, तोवर त्या नावाची साठी उलटून गेली होती. १९२९ पासून चित्रशाळेने नीलकंठी टीकेसह समग्र महाभारत काढले. त्यावर शंकर नरहर जोशी हे नाव आणि १०२६ सदाशिव पेठ, पुणे शहर हा पत्ता आहे. लिहिणारा गेला, पण जे हाती घेतले ते दुसऱ्याने नेले. संस्थापकाचे आडनाव चिपळूणकर, आणि पहिल्या पानावर जोशी!

ज्यांचे नाव कोठेच नाही

आता थोडे आमच्या घरचे. आमचे वडील जुळारी होते. पुण्यातल्याच एका छापखान्यात त्यांनी उभ्याने तीस वर्षे खिळे जुळविले. डाव्या हातात जुळणीची पट्टी, उजवा हात पेटीवर; पेटीकडे न पाहता बोट बरोबर त्या घरात जाई. जुळलेली ओळ उलटी असते, आरशात पाहिल्यासारखी. वडील ती उलटी ओळ सरळ ओळीपेक्षा भरभर वाचीत. संध्याकाळी फर्मा छापून झाला की खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात सोडावयाचे. ते म्हणत, “सकाळी अभंग जुळवायचा, संध्याकाळी मोडायचा. खिळ्याला थोडंच ठाऊक की तो ‘विठ्ठला’तला ठ होता!”

एकदा अभंगांच्या एका पुस्तकात ‘मन’च्या जागी ‘मान’ पडले. कान्याचा एक खिळा जास्त. बाकी काही नाही. प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटले, आणि हजार प्रती छापून झाल्या. एका कीर्तनकारबोवांनी ते दाखविले. मालकांनी शुद्धिपत्र चिकटवून वेळ निभावली. वडिलांना कोणी बोललेही नाही. पण त्या रात्री ते जेवले नाहीत. “लोक हे पाठ करतात रे,” एवढेच म्हणाले. ज्याचे नाव पुस्तकावर कोठेच यावयाचे नाही त्याला एका कान्याची एवढी बोच का असावी? आम्हांला त्या वयात कळले नाही.

आणखी एक गोष्ट ते सांगत. “पहिलं पान आम्ही सगळ्यांत शेवटी जुळवतो. आतलं सगळं शुद्ध झालं, पानं मोजली, की मग नावं.” वाचणारा जे पान प्रथम उलटून टाकतो ते छापखान्यात शेवटी होते. काम आधी, नाव मागाहून.

वडील गेल्यावर त्यांच्या फळीवरची पुस्तके आम्हीच बांधली, आणि आम्हीच नदीत सोडली. कोणी सांगितले नव्हते. घर लहान होते, पुस्तकांना कसर लागली होती, आणि ती मोठी पुण्याची गोष्ट आहे असे वाटले. त्यांत त्यांनी जुळविलेली कोणती, हे विचारावयाचे राहिले. पहिली पाने पाहिली असती तर छापखान्याच्या नावावरून आणि सालावरून निदान काही ओळखता आली असती. तीही पाहिली नाहीत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने परत दिल्या, ही आपली श्रद्धा आहे. पण ती तुकोबांची गोष्ट. आपल्या आळसाला ती लागू करू नये. मुठेने आम्हांला काही परत दिले नाही, आणि देणारही नाही.

म्हणूनच काकूंचे गाठोडे नदीवर गेले नाही.

आज काय उरले

खिळ्यांचे छापखाने आता पुण्यात जवळजवळ उरले नाहीत. अक्षर संगणकावर जुळते, फर्मा मोडावा लागत नाही. मुंबईच्या कोलभाट गल्लीतला निर्णयसागरचा खडखडाटही केव्हाच थांबला. पण त्यांच्या ग्रंथांची छायाचित्रे घेऊन इतर प्रकाशकांनी ती पुस्तके पुनःपुन्हा काढली. म्हणजे घराणे थांबले तरी राणोजींची अक्षरे वाचली जातच आहेत. अशा प्रतीत पुष्कळदा नव्या प्रकाशकाचे पान पुढे असते, आणि जुने पान गाळलेले असते. तेव्हा ज्याच्या घरी मूळ प्रत आहे त्याच्याकडेच त्या नावांचा पुरावा आहे, हे ध्यानात ठेवावे.

वाचकांनी करावयाचा अभ्यास

हा पाठ वाचून ठेवून देण्याचा नाही, करून पाहण्याचा आहे. येत्या एकादशीस घरातले जुने गाठोडे सोडावे. प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान वाचावे. ते नसेल तर शेवटचे पाहावे, कारण कित्येक छापखाने आपले नाव तेथेही घालीत. एका वहीत ग्रंथाचे नाव, संपादक, मुद्रक, प्रकाशक, गाव आणि शक किंवा सन लिहावा. घरातल्या कोणी समासात काही लिहिले असेल, वारीची तारीख, लेकीचे लग्न, कोणाचे देणे, तेही उतरून घ्यावे. पाने ठिसूळ असतील तर जोराने उघडू नयेत; चिकटपट्टी तर मुळीच लावू नये, ती पुढे पान खाते. कोरड्या सुती कपड्यात बांधून ओल नसलेल्या जागी ठेवावे. घरी ठेवणे होत नसेल तर एखाद्या ग्रंथालयाला किंवा संशोधन संस्थेला आधी विचारावे. आणि इतके करूनही जे खरोखर धूळ झाले असेल त्याचे काय करावे हे आपल्या मनाने ठरवावे. पण नाव वहीत आल्याशिवाय ठरवू नये.

काकूंची वही झाली आहे. तीन पुस्तकांच्या नोंदी पुऱ्या आहेत. चौथ्या, पहिले पान नसलेल्या गाथेच्या शेवटच्या पानाचा खालचा कोपरा फाटला आहे. छापखान्याच्या नावाची दोनच अक्षरे राहिली आहेत, त्यावरून निर्णय होत नाही. समासात मात्र शिसपेन्सिलीने सासऱ्यांनी ठिकठिकाणी बारीक खुणा केल्या आहेत. एका अभंगाशी छापलेले अक्षर खोडून शेजारी दुरुस्त अक्षर लिहिले आहे. एक काना जास्त पडला होता, तो त्यांनी काढला होता.

आम्ही ते पान पुष्कळ वेळ पाहिले. ते पुस्तक कोणी जुळविले हे आम्हांला कळण्याचा मार्ग नाही. काकूंना आम्ही एवढेच विचारले, की हे एक पुस्तक आठवडाभर आमच्याकडे राहू द्याल का? त्या म्हणाल्या, “ठेवा हो माउली. पण परत आणा. मला आता ते हवंय.”